कच्चं लायसन्स आलंय, बाबांची जुनी सँट्रो मिळतेय. बडोद्यात सुरुवात कशी करू?

तू लिहिलंयस की वय अठरा, पक्क्या लायसन्सची टेस्ट बाकी, बाबा त्यांची २०११ची सँट्रो देतायत आणि साठवलेल्या पंधरा हजारांत आधी अलॉय व्हील्स घ्यावेत की मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. (माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा, म्हणून सरळ तू म्हणतो.) दोन्ही नको. का ते सांगतो, पण आधी टेस्ट.

मी पहिल्या खेपेला नापास झालो, आणि चूक शंभर टक्के माझी. हायवेवर ऐंशीने चालवून आलो होतो, त्यामुळे डोक्यात हवा. दरजीपुऱ्याच्या आरटीओ ट्रॅकवर सेन्सर आणि कॅमेरे आहेत, तिथे वेग कोणी विचारत नाही. आठचा आकडा झोकात काढला आणि रिव्हर्सला मागचं डावं चाक कडेला घासलं. मी मान वळवून मागच्या काचेतून बघत बसलो होतो, आरशात चाक दिसत होतं तिकडे लक्षच नाही. पुन्हा टेस्ट द्यायला किमान सात दिवस थांबावं लागतं. ते सात दिवस आत्याने मला पहाटे साडेपाचला उठवून पोलो ग्राउंडपाशी नेलं. विटा मांडायच्या, आरसा थोडा खाली करायचा, आणि अॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. नुसत्या क्लचवर गाडी मागे सरकवायची. "सगळं डाव्या पायात आहे रे," हे तिचं एकच पालुपद.

चढावरही तेच. हँडब्रेक ओढलेला ठेव, क्लच हळू सोड. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं होतं. तिथेच पाय थांबव, थोडी रेस दे, मग हँडब्रेक सोड. घाई केलीस की गाडी मागे येते. कच्चं निघाल्यापासून तीस दिवसांनी टेस्ट देता येते आणि ते सहा महिने चालतं, तेव्हा सरावाला वेळ भरपूर आहे. तोवर पुढे-मागे लाल एल, आणि शेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस.

आता पंधरा हजार. आमच्या गाडीने मला मे महिन्यात पावागडच्या वाटेवर, हालोलच्या अलीकडे, हात दाखवला. इंजिनाच्या तापमानाचा काटा एचकडे, म्हणजे 'हॉट'कडे चालला होता, पण गाणी चालू असल्यामुळे माझं लक्ष बॉनेटमधून वाफ आल्यावर गेलं. नशीब की मागच्या सीटवरून काका ओरडले, झाकण उघडू नकोस म्हणून. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. पाऊण तासाने उघडलं तर आत चहाच्या रंगाचं पाणी. घरात वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतत आलो होतो, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं खास द्रव, कोणी घातलंच नव्हतं. आतून गंज, खालचा होज पाइप फुगून मऊ झालेला, दाबला तर पिकल्या केळ्यासारखा. तसाच पुढे रेटला असता तर इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, वाकून त्याखालचं गॅस्केट गेलं असतं, आणि तो खर्च तुझ्या पंधरा हजारांत बसत नाही. काटा चढताना दिसला तर एसी बंद कर, हीटर फुल्ल कर (इंजिनाची उष्णता तिकडून निघते), आणि जागा मिळताच बाजूला घे. बडोद्याच्या उन्हाळ्यात हीटर लावून काचा खाली केलेल्या मुलाकडे लोक कसे बघतात ते मला विचार.

तेव्हा आधी रेडिएटर फ्लश, नवं कूलंट, होज. मग टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या भागांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा. सँट्रोला चेन नाही, बेल्ट आहे, आणि रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. शेवटचा कधी बदलला हे बाबांना आठवत नसेल तर बदलून टाक. टायरच्या कडेवर चार आकडे शोध. ३२१९ असेल तर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली दिसली तरी फसू नकोस, बाजूला बारीक भेगा आहेत का बघ. हवा टायर थंड असताना, म्हणजे सकाळी. एवढं होईपर्यंत अलॉयचे पैसे उरत नाहीतच. सायलेन्सरचं म्हणशील तर कंपनीचा काढून मोठ्या आवाजाचा लावणं नियमात बसत नाही. काचांवरच्या काळ्या फिल्मवर २०१२ सालीच सुप्रीम कोर्टाने बंदी घातली.

पावसाळ्याचं एक. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, पाण्याने भरलेलं दिसलं की वळ, पुढची रिक्षा गेली म्हणून जाऊ नकोस. आणि ऑगस्ट २०२४ सारखी विश्वामित्री नदी घरापाशी आली आणि गाडी पाण्यात राहिली, तर पाणी उतरल्यावर सेल्फ मारून बघायचा मोह होतो. मारू नकोस. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ आणि टो करून गॅरेजला ने. आमच्या गल्लीत एकाने मारला होता, त्याची गाडी दिवाळीपर्यंत गॅरेजातच होती.

आणि हो, खाजगी गाडीचं पासिंग, म्हणजे नोंदणी, पंधरा वर्षांचं असतं. २०११ची गाडी म्हणजे ते २०२६मध्ये संपतं, नंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवावं लागतं. कूलंटवर पैसे घालायच्या आधी आज जेवणं झाली की बाबांकडून आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, मागून घे आणि त्यावरची तारीख बघ.