डिसेंबरात लेकरं घेऊन तलावाजवळच्या लाकडी कॉटेजमध्ये दोन रात्री राहायचंय, विदर्भात कुठे जावं?

तुम्ही नागपूरहून निघून राहिले असाल, तर सरळ गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांध धरा. तलाव भला मोठा, जुन्या कोहळी लोकांनी बांधलेला, चारीबाजूनं डोंगर आणि थंडीत परदेशी बदकं येतात तर सकाळी लेकरांना दुर्बीण द्या हातात, मोबाईल विसरतात. नागझिरा अभयारण्य पण जवळच, साकोलीवरून पिटेझरी गेटनं आत जाता येते, २०१३ पासून दोन्ही मिळून एकच व्याघ्र प्रकल्प आहे.

बुकिंग मात्र आधी करा, नाताळच्या आठवड्यात वेळेवर काहीच भेटत नाही. कॉटेज बुक करताना फोन करून विचारा की गरम पाणी, जेवण आणि रात्री लाईट आहे का, कारण फोटोवरून काही समजत नाही. सफारीचं बुकिंग वेगळं असते बरं का, खोली भेटली म्हणजे जिप्सी भेटली असं नाही, आणि ओळखपत्र ओरिजिनलच ठेवा.

थंडी हलक्यात घेऊ नका. उघड्या जिप्सीत पहाटे कान गोठतात, कानटोपी, शाल, लेकरांना दोन स्वेटर पाहिजेतच. टॉर्च, रोजच्या गोळ्या आणि रोख पैसे साकोलीतच घेऊन ठेवा, पुढे रेंजचा भरवसा नाही.

आणि हे मनापासून सांगतो, अंधार पडल्यावर लेकरांना तलावाच्या काठी एकटं सोडू नका, जनावरं तिथंच पाणी प्यायला येतात. शेकोटी पण कॉटेजवाल्याला विचारूनच पेटवा.