आईच्या पित्ताशयात १२ मिलिमीटरचा खडा आहे. ऑपरेशन करावंच लागेल, की औषधाने विरघळेल?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ५४ आहे, दीड वर्षात तीनदा जेवणानंतर रात्री पोटात जोरात दुखलं, सोनोग्राफीत खडा दिसला आणि सर्जननी पित्ताशयाची पिशवी काढायला सांगितली. घरचे मात्र म्हणतायत की आधी महिनाभर कुळथाचं कढण देऊन बघू. कृपा करून कढणावर वेळ घालवू नका. मी डॉक्टर नाही, पण यातून गेले आहे. तेव्हा मला कोणी नीट समजावून सांगायला हवं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. मला तीन वर्षं 'पित्त' होतं, असं मी समजत होते. आपल्याकडे या शब्दाने फार घोटाळा केलाय. छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं चढलं तरी पित्त, अंगावर गांधी आल्या तरी पित्तच उठलं म्हणतो. त्यामुळे रविवारी तर्रीदार मिसळ खाल्ली आणि रात्री पोट दुखलं की मी आमसुलाचं सार, थंड दूध, ॲसिडिटीची गोळी असं काहीतरी घ्यायचे. दोन-तीन तासांनी दुखणं थांबायचं. मला वाटायचं गोळी लागू पडली. खरं तर ती कळ आपणहून ओसरायची, तिचा स्वभावच तसा असतो.

जळजळीची ॲसिडिटी होते जठरातल्या आम्लामुळे. पित्तरस वेगळा. तो यकृतात तयार होतो आणि यकृताखालच्या छोट्या पिशवीत साठून दाट होतो. तेलकट-तुपकट खाल्लं की पिशवी आकसते आणि रस नळीवाटे आतड्यात जातो. साखरेचा पाक जास्त घट्ट झाला की तळाशी खडे धरतात ना, तसंच इथे होतं. पित्तरसात कोलेस्टेरॉल जास्त झालं, किंवा पिशवी नीट रिकामी होईनाशी झाली, की हळूहळू खडा जमतो. बायकांमध्ये, चाळिशीनंतर, गरोदरपणांनंतर, वजन जास्त असेल तर, आणि ते झपाट्याने उतरवलं तरीही हे प्रमाण वाढतं. सिकलसेलसारख्या आजारात लाल पेशी सतत फुटतात, त्यामुळे काळपट रंगाचे खडे अगदी तरुण वयातही होतात.

खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वर मधोमध एकसारखं दुखतं, पाठीत आणि उजव्या खांद्याकडे जातं. आईंचं दुखणं असंच असेल, तर ते पुन्हा येणार हे धरून चाला.

आता कुळीथ. तो लोक देतात मुतखड्यासाठी. मूत्रमार्ग आणि पित्ताशय यांचा एकमेकांशी रस्ताच नाही. कितीही कढण किंवा पाणी प्यायलं तरी ते पिशवीतल्या खड्याला लघवीवाटे बाहेर काढू शकत नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन सकाळी शौचात हिरवे गोळे पडल्याचे व्हिडिओही तुम्हाला कोणीतरी पाठवेलच. ते गोळे तेलाचेच असतात, पोटात साबणासारखे घट्ट झालेले. खडा विरघळवायची गोळी खरी आहे, पण ती लहान, कॅल्शियम न धरलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांसाठी, पिशवी काम करत असेल तरच, आणि तीही सहा महिने ते दोन वर्षं. गोळी बंद केल्यावर पुढच्या पाच वर्षांत निम्म्याजणांना पुन्हा खडे होतात. मुतखड्यासारखं लेझरने फोडणंही इथे नेहमीचं नाही, कारण खडे बनवणारी पिशवी आतच राहते.

माझं पुढे काय झालं ते सांगते. भाच्याच्या हळदीचं जेवण झालं आणि त्या रात्री कळ थांबलीच नाही. दोन दिवसांत डोळे पिवळे, लघवी चहासारखी, हुडहुडी भरून ताप. शेजारच्या काकू प्रेमाने काविळीची माळ घेऊन आल्या. माझ्या भावाने माळ बाजूला ठेवली आणि मला थेट रुग्णालयात नेलं. एक खडा पिशवीतून निसटून मुख्य पित्तनलिकेत अडकला होता आणि तिथे जंतुसंसर्ग झाला होता. आधी तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढला, त्याला ईआरसीपी म्हणतात, आणि मग पिशवीचं ऑपरेशन. तीन वर्षं आधी एक सोनोग्राफी केली असती, तर यातलं बरंचसं टळलं असतं. अशा निसटलेल्या खड्याने स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेतू शकतं.

ऑपरेशनची भीती मी समजू शकते. ते दुर्बिणीतून, साधारण चार छोट्या छिद्रांतून होतं. आपल्या देशात पहिलं असं ऑपरेशन डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केलं आणि आता ते नेहमीचं आहे. पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका कमी, पण असतो. कधी सूज फार असेल तर पोट उघडावंही लागतं. म्हणून हे सर्जनना मोकळेपणाने विचारा. पिशवी गेली तरी यकृत पित्तरस बनवतच राहतं, तो सरळ आतड्यात येतो. मला ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे दोन-तीन दिवस खांदा दुखला, महिनाभर तेलकट खाल्लं की जुलाब झाले, मग सगळं सुरळीत. आता मी मिसळही खाते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. खडा योगायोगाने दिसला आणि कधीच दुखलं नसेल, तर बहुतेकांना काही करावं लागत नाही. अशा शंभरजणांपैकी वर्षाला एखाद-दोघांनाच त्रास सुरू होतो. खडा तीन सेंटीमीटरपेक्षा मोठा असेल किंवा पिशवीच्या भिंतीत काही वेगळं दिसलं, तर डॉक्टर वेगळा विचार करतात. पण आईंना तीनदा दुखून झालंय, म्हणजे त्या या गटात नाहीत.

तारीख मिळेपर्यंत तळलेलं कमी करा. त्याने खडा जाणार नाही, कळा कमी येतील. कडक उपास नकोत. ताप, पिवळे डोळे, न थांबणारी उलटी किंवा पाच-सहा तासांवर गेलेली कळ, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी निघा. छातीतही दाटून येत असेल तर आधी ईसीजी. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. हे ऑपरेशन योजनेत बसतं का, ते त्यांना आधीच विचारा.

आणि आज एवढं करा. आईंच्या सोनोग्राफीच्या कागदावर 'सीबीडी' समोर काय लिहिलंय ते बघा. ती मुख्य पित्तनलिका. ती रुंद झालेली लिहिली असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता सर्जनना आजच फोन करा.