टिळकांनी मंडालेत वापरलेलं म्हणून विकायला आलेलं पुस्तक खरं की खोटं, हे कसं ओळखायचं?

पुस्तक इंग्रजी, 1909 चं. आत शाईची सही. विक्रेता 40 हजार सांगतोय आणि तुम्हाला ते अमेरिकेतल्या भावाला पाठवायचंय, असं तुम्ही लिहिलंय.

सही नंतर बघू. आधी शीर्षकपानाची मागची बाजू वाचा, पुनर्मुद्रणाचं साल तिथे असतं. टिळक जून 1914 मध्ये सुटले. मुद्रण 1915 चं निघालं तर मंडालेची गोष्ट तिथेच संपली.

आता शाई. गीतारहस्याचं हस्तलिखित मंडालेत पेन्सिलीने लिहिलेलं आहे. म्हणून तिथली तारीख घातलेली शाईची ऐटदार सही दिसली की मला आधी शंका येते. एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, पण भाव पाडायला मुद्दा पुरेसा आहे.

मग दहापट भिंग घ्या. टाकावर दाब पडला की निबाची टोकं फाकतात, त्यामुळे रेघेच्या कडा मधल्यापेक्षा गडद उमटतात. तशा कडा दिसल्या नाहीत तर सही टाकाची नसावी. शंभर वर्षांत कागदाची खळ, म्हणजे शाई पसरू न देणारा थर, उतरते. आज केलेली सही त्यावर टीपकागदासारखी फुटते आणि कडेला केसाळ तंतू दिसतात. कागदाला भेग असेल तर शाई भेगेत उतरलीय का पाहा. उतरली असेल तर सही भेगेनंतरची. 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च अंधारात सहीच्या पानावर मारा. पान निळसर चमकलं तर कागद साधारण 1950 नंतरचा, म्हणजे ते पान मागाहून चिकटवलेलं.

अक्षर जुळवायचं तर त्याच काळातल्या खात्रीच्या पत्राशी जुळवा, फोटोखाली छापलेल्या सहीशी नको. समासातल्या टिपा सहीपेक्षा मोलाच्या, कारण पानोपानी नक्कल करणं जिकिरीचं. ग्रंथालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक आहे, पण बाद केल्याची नोंद नाही? मग त्या ग्रंथालयाला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

घेतलंत तर नेहमीच्या बाइंडरकडे टाकू नका. तो कडा कापतो, त्यात टिपा जातात. सहीचं कोरं पान तर ‘खराब’ म्हणून फेकलंच जातं. सेलोटेपही नको.

भावाला पाठवायचं मात्र विसरा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि टिळकांचं ठरलं तर हे पुस्तक नेमकं त्यातच बसतं.