कापसावर फवारणी केल्यावर हळदीचं दूध प्यायल्यानं विषबाधा टळते का?

नाही, हळदीच्या दुधानं कीटकनाशकाचं विष उतरत नाही. कापसावर मारतात त्यातलं प्रोफेनोफॉस हे ऑर्गनोफॉस्फेट गटातलं. ते श्वासातून आणि घामानं ओल्या कातडीतूनही अंगात शिरतं आणि अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतं. या एन्झाइमचं काम म्हणजे मज्जातंतूंनी सोडलेलं अ‍ॅसिटिलकोलिन लगेच मोडून टाकणं. ते मोडलं नाही की स्नायू आणि ग्रंथींना मिळणारा हुकूम थांबतच नाही: घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, अंधुक दिसणं, शेवटी श्वास अडकणं.

हळद वाईट नाही. तिच्यातलं करक्युमिन हे द्रव्य प्रयोगशाळेत पेशींवरचा ऑक्सिडेशनचा ताण कमी करताना दिसतं. पण तिथं ते थेट पेशींवर टाकलेलं असतं. प्यायलेल्या हळदीतलं फारच थोडं रक्तात पोचतं, आणि बंद पडलेलं एन्झाइम त्यानं सुरू होत नाही. दवाखान्यात अ‍ॅसिटिलकोलिनचा परिणाम रोखायला अ‍ॅट्रोपिन आणि एन्झाइम पुन्हा सुरू करायला प्रॅलिडॉक्सिम देतात. तोपर्यंत एवढं करा, घरच्या उपायात वेळ घालवू नका:

- कपडे काढून अंग, केस साबणानं धुवा
- १०८ ला फोन करा
- फवारलेल्या कीटकनाशकाची बाटली सोबत न्या

बाटली फार महत्त्वाची, कारण सगळी कीटकनाशकं या गटातली नसतात. इमिडाक्लोप्रिड वेगळ्या जागी काम करतं, त्यावर प्रॅलिडॉक्सिमचा उपयोग नाही.