मला डिप्रेशन नाही, मग ही गोळी कशाला?

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या, एका ऑफिसात अकाउंट्स बघणाऱ्या बाई. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) आल्या त्या गोळ्यांची न फोडलेली स्ट्रिप घेऊनच. "मॅडम, मी डॉक्टरांकडे गेले खाणं आवरत नाही म्हणून. मेडिकलवाला म्हणतो, ही डिप्रेशनची गोळी आहे. सवय लागली म्हणजे?"

हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

दिवसा बाईंचं खाणं बघाल तर कौतुक कराल. सकाळी नुसता चहा, दुपारी काकडी-टोमॅटो, वर सोमवार, संकष्टी, एकादशी. घर झोपलं की मात्र ओट्यापाशी उभ्यानेच उरलेल्या पोळ्या तूप-साखर लावून, मग बाकरवडी, मग मुलाच्या डब्यासाठी आणलेला केक. पोट दुखेपर्यंत. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तीच बाकरवडी विकत घेऊन डबा होता तितका भरून ठेवायचा, कुणाला कळू नये म्हणून. नवरा म्हणायचा, "जिभेला जरा आवर घाल." जिभेचा इथे फारसा संबंधच नसतो. "थोड्या वेळाने चवसुद्धा कळत नाही," त्या म्हणाल्या.

याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. २०१३ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजाराचं स्थान मिळालं. आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने असं होत असेल, तर तो निव्वळ खादाडपणा नव्हे.

आता गोळी. बाईंना दिलेली होती फ्लुऑक्झेटिन. ती मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करते, आणि सेरोटोनिनचा संबंध मूडशी तसाच भुकेशी, तृप्तीशी आणि अनावर ऊर्मींशीही आहे. खाऊन उलट्या काढण्याच्या आजारात, म्हणजे बुलिमियात, हे औषध रीतसर मान्य आहे. तिथला नेहमीचा डोस ६० मिलिग्रॅम, डिप्रेशनच्या सुरुवातीच्या डोसच्या तिप्पट. बिंज ईटिंगसाठी डॉक्टर ते स्वतःच्या अनुभवाने, पेशंट बघून देतात. खाण्याचे झटके कमी होऊ शकतात, वजन मात्र फारसं हलत नाही. ब्रिटनची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं तर सांगतात की या आजारावर नुसतं औषध देऊ नये. माझंही मत तेच.

झोपेच्या काही गोळ्यांसारखी हिची चटक लागत नाही. पण मनाने एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोपेचे हाल होऊ शकतात. सुरुवातीला मळमळ होते. कामेच्छाही कमी होऊ शकते. हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

बाईंनी गोळी सुरू केली आणि आम्ही खाण्याची वही. त्यात दिसलं ते आपल्याकडे पूर्वीपासून माहीत आहे: एकादशी अन् दुप्पट खाशी. जितका कडक उपास, तितकी रात्र वाईट. तीन वेळा जेवण-नाश्ता, मध्ये दोनदा काहीतरी, आणि रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळचे पोहे चुकवायचे नाहीत. हेच सगळ्यात जड गेलं. उपास सोडायला सासूबाईंची हरकत होती. बाईंनी ठोकून दिलं, "गोळी रिकाम्या पोटी चालत नाही." फ्लुऑक्झेटिनला असं बंधन नाही, पण मी दुरुस्त करायला गेले नाही.

काही आठवड्यांत रात्री शांत जाऊ लागल्या. वजनाचा काटा जिथल्या तिथे, त्यावर त्या अजूनही नाराज आहेत.

तुम्ही डॉक्टरांकडे जाणार असाल तर काही गोष्टी लपवू नका. उलट्या काढत असाल तर आधी तेच सांगा; ब्युप्रोपिऑन नावाचं अँटिडिप्रेसंट अशा पेशंटना देत नाहीत, फिट येण्याचा धोका असतो. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेशिवाय चाललेला काळ येऊन गेला असेल तर तोही सांगा. वय पंचविशीच्या आत असेल, तर पहिले काही आठवडे घरच्या कुणीतरी लक्ष ठेवावं. मरणाचे विचार येऊ लागले किंवा वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.