जुनी ऑटोमॅटिक गाडी गरम झाली की गिअर स्लिप होतो, गॅरेजवाला गिअरबॉक्स उतरवायचं म्हणतोय. काय करावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून गाडी २०११ ची हॅचबॅक, चार गिअरची ऑटोमॅटिक, १ लाख १२ हजार चाललेली आणि तुम्ही दुसरे मालक. सकाळी मस्त चालते, पण ट्रॅफिकमध्ये तासभर गेला की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना नुसती रेस चढते नि मग धप्पकन गिअर पडतो, शिवाय आर मध्ये टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग झटका. गॅरेजवाला म्हणाला गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ८५ हजार. पण त्याने गिअरबॉक्सचं ऑईल बघितलं का, याबद्दल तुमच्या प्रश्नात एक शब्द नाही, आणि मला तिथेच शंका आली.

आधी सांगतो की मी गाड्यांचा मेकॅनिक नाही. भोसरीला एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सला बावीस वर्षं काढली आणि डावा गुडघा कुरकुरायला लागल्यापासून तुमच्यासारखीच एक जुनी चार गिअरवाली ऑटोमॅटिक चालवतोय. तिच्यापायी तीनदा मलाही "गिअरबॉक्स गेला साहेब" ऐकावं लागलं आणि तिन्ही वेळा गिअरबॉक्स ठणठणीत होता, ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणून जे विकलं जातं त्यात चार वेगवेगळ्या जाती आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लावला की वाट लागते. लिव्हरवर पी नसेल, नुसतं आर, एन, डी आणि एम असेल तर ती बहुतेक एएमटी, म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच दाबायला मशीन बसवलेलं (आपल्याकडे २०१४ च्या सेलेरिओपासून ही आली), तिथे झटके आले की आधी क्लच प्लेट आणि अ‍ॅक्च्युएटर बघायचे. सीव्हीटी वेगळी, ड्युअल क्लच वेगळी. तुमची २०११ ची आणि चार गिअरची म्हणजे जुन्या पद्धतीची टॉर्क कन्व्हर्टरवाली, त्या काळातल्या आय१०, ए-स्टार, रिट्झ यांच्या ऑटोमॅटिकमध्ये हीच होती. खाली जे लिहितोय ते फक्त हिच्यासाठी.

आता हा गिअरबॉक्स आतून म्हणजे आमच्या प्रेससारखंच हायड्रॉलिक मशीन. पुढे एक पंप, तो ऑईलला प्रेशर देतो, मग व्हॉल्व्ह बॉडी नावाचा एक चक्रव्यूह, त्यावर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह, ते ठरवतात की प्रेशर कुठल्या क्लचला द्यायचं, आणि त्या प्रेशरने क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या की गिअर पडला. इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचते तीही टॉर्क कन्व्हर्टरमधल्या त्याच ऑईलमधून. म्हणजे तेच ऑईल प्रेशर देतंय, तेच ताकद नेतंय, तेच थंड करतंय, तेच वंगण, आणि आपल्याकडे लोक इंजिन ऑईल दर १० हजारला बदलतात नि हे ऑईल गाडी विकेपर्यंत बघत नाहीत.

तुमचं लक्षण "थंड असताना ठीक, गरम झाल्यावर स्लिप" आहे ना, ते आम्ही प्रेसवर कायम बघायचो. सकाळच्या पाळीला प्रेस धडाधड चालायचा, दुपारी तीननंतर रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा दाबाचा भाग) आपोआप खाली सरकायला लागायचा. कारण एकच, ऑईल तापलं की पातळ होतं आणि जिथे सील झिजलंय किंवा पंप थकलाय तिथून निसटतं, प्रेशर पडतं. थंड ऑईल जाड असल्यामुळे तीच झीज सकाळी झाकली जाते. पण तेच लक्षण ऑईल कमी असेल तरीही येतं, कारण मग पंप ऑईलबरोबर हवाही ओढतो, फेस होतो, आणि फेसाला प्रेशर धरता येत नाही. ऑईल जास्त भरलं तरी फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात. आर मध्ये उशीर लागणं हेही त्याच घरातलं, क्लचपर्यंत प्रेशर पोचायला वेळ लागतोय आणि पोचलं की एकदम पकडतोय. म्हणून कमी ऑईल आणि झिजलेलं सील हे दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, फरक एवढाच की एक काही हजारांत बरं होतं आणि दुसऱ्याला ८५ हजार लागतात.

तर आधी डिपस्टिक. इथे लोक हमखास चुकतात, कारण इंजिन ऑईल थंड नि बंद गाडीत बघतो तसंच हेही बघतात. बहुतेक गाड्यांत हे ऑईल गाडी चांगली वीस-पंचवीस मिनिटं चालवून, सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवून, मग इंजिन चालू ठेवूनच पी किंवा एन मध्ये बघायचं असतं. होंडाचं मात्र उलटं, तिथे इंजिन गरम करून बंद करायचं आणि साठ ते नव्वद सेकंदांच्या आत बघायचं. म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल काढून वाचा. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, खालून प्लग उघडून ठराविक तापमानाला बघावं लागतं, ते घरी करायच्या भानगडीत पडू नका.

डिपस्टिकचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लालसर, पारदर्शक पसरला तर उत्तम. तपकिरी पण वास साधाच असेल तर ऑईल म्हातारं झालंय. काळं असेल आणि करपल्याचा वास (एकदा आला की विसरत नाही माणूस, जळलेल्या क्लच प्लेटसारखा) तर आतल्या चकत्या भाजल्यात. आणि जर सोलकढीसारखं दुधाळ गुलाबी दिसलं तर गाडी तिथेच थांबवा, चालवू नका, कारण रेडिएटरच्या आत ऑईल थंड करायचा जो कूलर असतो तो आतून फुटून कूलंट ऑईलमध्ये शिरलंय, आणि क्लचच्या चकत्यांचा चिकटवलेला थर त्या पाण्याने सुटायला लागतो. जुन्या रेडिएटरमध्ये हे होतं, आणि वेळेत पकडलं नाही तर पूर्ण गिअरबॉक्स जातो.

लेव्हल कमी निघाली तर नुसतं वर ओतून मोकळे होऊ नका, हे ऑईल इंजिन ऑईलसारखं जळत नाही, कमी झालं म्हणजे कुठूनतरी गळतंय. माझ्या गाडीत कूलरच्या रबरी पाइपची क्लिप सैल होती, रोज थेंबथेंब, आणि पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा टाकून ठेवला तेव्हा कळलं. सव्वा लिटर कमी होतं. गॅरेजवाल्याने त्या वेळी क्लच सेटचं कोटेशन दिलेलं.

दुसरी भानगड विजेची, आणि ती पावसाळ्यात जास्त. एका जुलैत साताऱ्याहून येताना कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडे माझी गाडी अचानक तिसऱ्या गिअरलाच अडकली, सिग्नलवरून उचलायची नाही, नुसती गुरगुरायची. इंजिन बंद करून परत चालू केलं की थोडा वेळ ठीक, मग पुन्हा तेच. याला लिंप मोड म्हणतात. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला, म्हणजे गिअर कधी टाकायचा ते ठरवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, एखाद्या सेन्सरचं गणित जुळलं नाही की तो स्वतःच सगळे सोलेनॉइड सोडून देतो आणि एकाच गिअरला गाडी धरतो, बऱ्याच चार गिअरवाल्यांत तिसऱ्याला, म्हणजे निदान घरी तरी पोचता यावं. स्कॅनर (कंट्रोलरमध्ये नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर कोड आला पी०७१५, म्हणजे इनपुट स्पीड सेन्सर, गिअरबॉक्समध्ये येणारा वेग मोजणारा. सेन्सर बदलायच्या आधी कनेक्टर काढून बघितला तर आत पिना हिरव्या पडलेल्या, पाणी शिरलेलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, वाळवला, परत बसवला, आजपर्यंत पुन्हा काही नाही. पहिल्या गॅरेजने स्कॅनर न लावता ओव्हरहॉल सांगितलेलं.

स्कॅनरबद्दल एक सूचना, ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं ईएलएम३२७ मोबाइलला जोडून बघायला छान आहे पण ते बऱ्याचदा फक्त इंजिनच्या कंट्रोलरशी बोलतं. त्यात पी०७०० दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे, तक्रार काय ते वाचायला गिअरबॉक्सपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो, तो ज्याच्याकडे आहे अशा माणसाकडे जा. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाहीये, म्हणजे खरोखर स्लिप. पी०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप (इंजिन नि गिअरबॉक्स थेट जोडणारा त्याच्या आतला क्लच) धरत नाही. पी०७५० च्या आसपासचे सोलेनॉइडचे. कोड आला म्हणजे तो पार्ट खराब असं नसतं, त्या सर्किटमध्ये वायर, कनेक्टर, अर्थिंग सगळं येतं. आणि बॅटरी मरायला टेकली असेल तर हा कंट्रोलर काहीही बरळतो, त्यामुळे आधी मल्टिमीटरने बॅटरी बघा.

झटक्याचं अजून एक कारण इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती. बॉनेट उघडा, एकाला आत बसवा, हँडब्रेक आणि पाय ब्रेकवर घट्ट, समोर कोणी उभं राहू नका, बाजूला राहा, आणि त्याला डी ते आर, आर ते डी करायला सांगा. इंजिन उडी मारल्यासारखं हललं तर रबर गेलंय. मला "गिअरबॉक्स गेला" ऐकवलेली तिसरी वेळ ती हीच. पण तुमच्याकडे झटक्याआधी दोन-तीन सेकंद उशीर आहे म्हणून एकट्या माउंटिंगवर मी पैसे लावणार नाही. (ज्यांची गाडी पी मध्ये स्टार्ट होत नाही पण एन मध्ये होते त्यांनी इनहिबिटर स्विच (लिव्हर पी किंवा एन मध्ये असेल तरच स्टार्ट होऊ देणारा) बघा, आणि लिव्हर पी मधून हलतच नसेल तर आधी मागचे ब्रेक लाइट लागतात का बघा, लागत नसतील तर पेडलवरचा साधा स्विच किंवा फ्यूज गेलाय. लोक यासाठीही टोइंग बोलावतात.)

आता ऑईल बदलायचं का. गॅरेजमध्ये तुम्हाला सांगतील की जुन्या गिअरबॉक्सचं ऑईल बदललं की गिअरबॉक्स बसतो. यात थोडं तथ्य आहे, पण उलट्या बाजूने. चकत्यांचा थर आधीच संपलेला असतो, ऑईलमध्ये तरंगणाऱ्या त्याच भुग्यावर चकत्या कशीबशी पकड धरून असतात, नवीन स्वच्छ ऑईल टाकलं की ती पकडही जाते. म्हणजे तो मरणारच होता. म्हणून माझा हिशोब असा की ऑईल करपलेलं असेल आणि ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर किंवा खालच्या पॅनमध्ये चकचकीत तुकडे, कपच्या निघाल्या तर ऑईलवर पैसे घालवू नका, तो खरंच उघडायलाच लागणार. मॅग्नेटवर बोटाला लागेल अशी करडी मऊ पेस्ट असेल तर घाबरायचं कारण नाही, ती एवढ्या वर्षांची साधी झीज. तुमचं तपकिरी निघालं आणि कपच्या नसतील तर बदला, पण मशीन लावून फ्लश नको. प्लग काढून जेवढं निघेल तेवढं काढायचं आणि मोजून तेवढंच भरायचं. एकूण सात लिटर धरलं तर प्लगमधून साधारण निम्मंच येतं, बाकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बसलेलं असतं. म्हणजे एकदा केलं की निम्मं नवीन, पाच-सातशे किमी चालवून दुसऱ्यांदा केलं की ७५ टक्के, तिसऱ्यांदा जवळजवळ ८८. मला तिन्ही मिळून साडेसहा हजार पडले आणि पहिल्याच खेपेनंतर आर चा उशीर निम्म्यावर आला.

ऑईल कुठलं, यात कंजुषी नको. डेक्स्ट्रॉन थ्री नावाचं एक ऑईल आहे, "सगळ्यात तेच चालतं" म्हणणारा दुकानदार भेटेलच. चकत्या किती घट्ट नि किती हळू पकडाव्यात हे त्या ऑईलमधली रसायनं ठरवतात, म्हणून ह्युंदाईच्या त्या काळातल्या गाड्यांना एसपी-थ्री, होंडाला आधी झेड१ आणि नंतर त्याच्या जागी आलेलं डीडब्ल्यू-१, टोयोटाला टी-फोर की डब्ल्यूएस ते मॉडेलप्रमाणे, आणि ही एकमेकांच्या जागी खपवायची नाहीत. डिपस्टिकवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. काहीजण "लाइफटाइम ऑईल आहे, बदलायचं नसतं" सांगतात, तर गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किमीला बदला म्हणते. आणि बाटलीतली ती जादूची लीक थांबवणारी, स्लिप घालवणारी औषधं टाकू नका, सील फुगवून महिनाभर बरं वाटतं.

एवढं सगळं करूनही गरम झाल्यावर स्लिप राहिलाच तर मग ८५ हजारवाल्याकडे जा, पण जाताना विचारा की गेज लावून लाइन प्रेशर, म्हणजे पंपाने दिलेलं ऑईलचं प्रेशर, मोजलं का. ही टेस्ट गिअरबॉक्स न उतरवता होते. प्रेशर सगळीकडेच कमी असेल तर पंप किंवा प्रेशरवाला सोलेनॉइड, एका गिअरलाच कमी असेल तर त्या क्लचचं सील, आणि प्रेशर नीट असून स्लिप होत असेल तर चकत्याच संपल्यात. व्हॉल्व्ह बॉडी बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स गाडीतच ठेवून निघते, तो खर्च पूर्ण ओव्हरहॉलच्या आसपासही जात नाही. उघडायचाच ठरला तर टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलर, त्याचे पाइप सगळं त्यात धरलंय का हे लिहून घ्या, नाहीतर जुना भुगा नव्या चकत्यांत जाऊन सहा महिन्यांत पुन्हा तेच. कुर्ल्याला सीएसटी रोडवरून जुना गिअरबॉक्स आणून टाकायचा पर्यायही आहे, पण तो आतून कसा आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, तेव्हा पार्ट नंबर जुळवा आणि त्याचंही ऑईल टिश्यूवर बघूनच पैसे द्या. २०११ च्या हॅचबॅकवर ८५ हजार घालायचे की तशीच विकायची, तो तुमचा प्रश्न, मी बॉडी आणि इंजिन चांगलं असेल तरच घातले असते.

तोपर्यंत गाडी घाटात नेऊ नका, न्यावीच लागली तर ओव्हरड्राइव्ह (म्हणजे सगळ्यात वरचा चौथा गिअर) बंद ठेवा. बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढत न्यायला देऊ नका, इंजिन बंद असताना पंप फिरत नाही नि आतले भाग कोरडे घासतात, फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, बोलवा. रविवारी डिपस्टिक बघा आणि टिश्यूचा रंग, वास कसा होता, लेव्हल कुठपर्यंत होती आणि डॅशबोर्डवर कुठला दिवा लुकलुकतोय का एवढं इथे लिहा, मग पुढचं सांगतो.