खमण लाल झालं? सोडा बघा

ताई, बडोद्यातलं पहिलं खमण लाल झालं म्हणून खट्टू होऊ नका. सोडा जास्त पडला, एवढंच. सोडा अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट, आणि हळद अल्कलीत लाल होते. चूक तिनेच दाखवली.

सध्या एवढं सांभाळा:

- वाटीभर बेसनाला खायचा सोडा अर्धा चमचा, सपाट.
- आंबट हवंच. 84 ग्रॅम सोड्याला 64 ग्रॅम लिंबूसत्त्व लागतं, म्हणजे वजनाने चाराला तीन. आम्ल कमी पडलं तर उरलेला सोडा वाफेत तापून धुण्याचा सोडा बनतो. ती साबणासारखी चव त्याचीच!
- सोडा अगदी शेवटी. वाफेचं पाणी आधीच उकळतं ठेवा, नाहीतर फुगवणारा वायू निघून जातो.

डबा जुना आहे? चिमूटभर सोड्यावर लिंबू पिळा. फसफसला नाही तर नवा आणा.

फोडणीचं नंतर बोलू.